ज्येष्ठांचें विरंगुळा केंद्र : त्याचें प्रयोजन व कार्य

बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य अशा मनुष्याच्या आयुष्याच्या तीन अवस्था आपण मानितों. त्यांपैकीं बाल्यासाठीं समाजानें शाळा काढल्या. तारुण्यासाठीं महाविद्यालयें, कचेऱ्या व कारखाने उभारले. परंतु वार्धक्यासाठीं घराच्या पडवींतील एका खुर्चीपलीकडे निराळी अशी योजना फार दिवसांपर्यंत कोणीं केली नाहीं. अलीकडे मात्र ‘ज्येष्ठ नागरिक संघ’ आणि ‘विरंगुळा केंद्र’ हीं नांवें गांवोगांवीं ऐकूं येऊं लागलीं आहेत. या ठिकाणीं नेमकें काय चालतें, तेथें कोणीं जावें, आणि शाळेंत शिकणाऱ्या मुलांचा व त्यांच्या आईबापांचा त्याच्याशीं संबंध काय, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आजोबांना केंद्रांत घालूं या’ असें कोणीं म्हटलें कीं, घरांतील माणसांच्या डोळ्यांपुढें वृद्धाश्रम उभा राहतो, आणि आजोबांच्या मनास धक्का बसतो. या दोन संस्थांत जो भेद आहे तो विद्यार्थ्यांस एका वाक्यांत सांगतां येईल : वसतिगृह आणि शाळा यांत जो भेद, तोच वृद्धाश्रम आणि विरंगुळा केंद्र यांत. वृद्धाश्रमांत मनुष्य राहावयास जातो. केंद्रांत तो दोन-तीन तासांपुरता जातो आणि दिवेलागणीस आपल्या घरीं परततो. ज्यांस कोणी नाहीं त्यांस आश्रय देणाऱ्या संस्था आपल्याकडे जुन्या आहेत. पुण्याचें डेव्हिड ससून पंगुगृह एकोणिसाव्या शतकापासून हें कार्य करीत आलें आहे. परंतु ज्यांस घर आहे, मुलेंबाळें आहेत, दोन वेळचें अन्न आहे, तरीही दिवस जातां जात नाहीं, अशा माणसांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्यासाठीं हें केंद्र होय.

पूर्वीं आपल्या कोंकणांत अशीं केंद्रें नव्हतीं, असें म्हणतां येणार नाहीं. त्यांचीं नांवें मात्र निराळीं होतीं. ग्रामदेवतेच्या देवळाचा सभामंडप, पिंपळाखालचा पार, मशिदीबाहेरील कट्टा, बंदरावर ओढून ठेवलेल्या होडीची सावली आणि घराघरांची ओटी, हीं त्या काळचीं विरंगुळा केंद्रेंच होतीं. सायंकाळीं तेथें चार वृद्ध जमत, पानसुपारी होई, पावसापाण्याची, आंब्याच्या मोहराची आणि रत्नागिरीकरांस विशेष प्रिय अशा कोर्टांतील दाव्यांची चर्चा चाले. कोणी दोन दिवस दिसला नाहीं, तर तिसऱ्या दिवशीं त्याच्या दारांत चौकशीस माणूस उभा राही. स्त्रियांना पार नव्हता. पण विहीर होती, देवळांतील कीर्तन होतें, आणि चैत्रांतील हळदीकुंकू होतें. हें सर्व आपोआप चालत असे. त्यास अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती आणि पावतीपुस्तकही नव्हतें.

मग तें मोडलें कां? याचें उत्तर आपल्या जिल्ह्याच्या जनगणनेंत सांपडतें. २००१ सालीं रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ सालीं ती १६,१५,०६९ भरली. म्हणजे देशाची लोकसंख्या वाढत असतां आपल्या जिल्ह्याची मात्र दहा वर्षांत सुमारें ८२ हजारांनीं घटली. त्याच जनगणनेंत एक हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया आढळल्या. महाराष्ट्रांतील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यांत हें प्रमाण इतकें नव्हतें. याचा अर्थ उघड आहे. कामाच्या वयाचा पुरुष पोटासाठीं मुंबईस, पुण्यास किंवा आखाती देशांत गेला, आणि मागें घर राखावयास वृद्ध मंडळी राहिली. चाकरमानी गणपतीस व शिमग्यास येतो. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हां त्याचें येणें सोपें झालें, परंतु जाणेंही तितकेंच सोपें झालें! एके काळीं दर महिन्यास मनीऑर्डर घेऊन टपालवाला दारीं येई आणि घटकाभर ओटीवर टेकून पत्र वाचून दाखवी. आतां पैसा क्षणांत बँकेंत जमा होतो. पण त्याच्याबरोबर येणारा तो टपालवालाही येत नाहीं.

दुसरें कारण आनंदाचें आहे. आपल्या देशांत स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतें. आज तें सत्तरीच्या जवळ पोहोंचलें आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें साठ वर्षांवरील माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. वैद्यकानें आयुष्यांत वर्षें घातलीं. त्या वर्षांत काय घालावयाचें, हें मात्र समाजानें ठरवावयाचें आहे.

हा प्रश्न एकट्या कोंकणाचा नाहीं. न्यूयॉर्क शहरांतील समाजकल्याण खात्याच्या सेवकांच्या असें ध्यानांत आलें कीं, मदत मागावयास येणारीं वृद्ध माणसें काम झालें तरी कचेरींतून हलत नाहींत. कोणाशीं तरी बोलावें म्हणून रेंगाळत राहतात. त्यांस बसावयास हक्काची जागा असावी म्हणून १९४३ सालीं त्या शहरांत विल्यम हॉडसन केंद्र निघालें. या प्रकारचें अमेरिकेंतील हें पहिलें केंद्र मानितात. जपानांत १९४७ सालीं ह्योगो प्रांतांतील एका खेड्यानें वृद्धांच्या सन्मानाचा दिवस पाळण्यास सुरुवात केली. १९६६ पासून तो सर्व राष्ट्राचा सुटीचा दिवस झाला. संयुक्त राष्ट्रसंघानें १९९० सालीं ठराव करून १ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ दिन ठरविला. महाराष्ट्रांत ठिकठिकाणच्या ज्येष्ठ नागरिक संघांना एकत्र आणणारा ‘फेस्कॉम’ हा महासंघ १९८० सालीं स्थापन झाला. पुणें, ठाणें, मुंबई अशा शहरांत नगरसंस्थांनीं विरंगुळा केंद्रांस जागा दिल्या, आणि आपल्या जिल्ह्यांतही असे संघ निघाले आहेत. मोडलेला पार पुन्हां बांधण्याचाच हा प्रयत्न होय. फरक इतकाच कीं, पूर्वीं जें आपोआप होत असे, तें आतां योजून करावें लागतें.

आतां केंद्राच्या कार्याकडे वळूं.

पहिलें कार्य शरीररक्षणाचें. रक्तदाब आणि मधुमेह हे दोन विकार आरंभीं बहुधा दुखत नाहींत, आणि म्हणूनच कळत नाहींत. केंद्रांत ठराविक दिवशीं रक्तदाब व रक्तांतील साखर तपासण्याची सोय असली कीं, पुढील मोठें संकट आधींच ओळखतां येतें. डोळ्यांच्या तपासणीचेंही तसेंच. आपल्या देशांतील अंधत्वाचें सर्वांत मोठें कारण मोतीबिंदू हें आहे, आणि तें लहानशा शस्त्रक्रियेनें दूर होण्याजोगें आहे. तरी ‘वय झालें, आतां असेंच दिसायचें’ असें म्हणून अनेक वृद्ध अंधारांत बसून राहतात. शेजारच्या खुर्चीवरील मित्र शस्त्रक्रिया करून येऊन वर्तमानपत्र वाचूं लागला, म्हणजे जें काम दहा उपदेशांनीं होत नाहीं, तें एका दिवसांत होतें.

वृद्धांचा सर्वांत मोठा शत्रु रोग नसून पुष्कळदां पाय घसरणें हा असतो. रत्नागिरीस पावसाळ्यांत जांभ्याच्या पायऱ्यांवर व अंगणांत शेवाळ धरतें. न्हाणीघरांत पाणी असतें. रात्रीं दिवा लावण्याचा आळस होतो. आणि एका क्षणांत खुब्याचें हाड मोडून धडधाकट मनुष्य महिनोन् महिने अंथरुणास खिळतो. चांगल्या केंद्रांत तोल सांभाळण्याचे सोपे व्यायाम शिकवितात : खुर्चीचा आधार घेऊन टांचा उचलणें, हात न टेकतां उठण्याबसण्याचा सराव करणें, हळूहळू रेषेवरून चालणें. त्याबरोबरच न्हाणीघराच्या भिंतीस धरावयास कडी बसविणें, पायऱ्या घासून ठेवणें, रात्रीं वाटेवर मंद दिवा ठेवणें, अशा घरच्या उपायांचीही माहिती देतात. या उपायांस खर्च थोडा आणि लाभ फार.

दुसरें कार्य संगतीचें. पुष्कळांस हें कार्य गौण वाटतें. कॅरम, पत्ते, बुद्धिबळ, भजन, नाट्यपदें आणि गप्पा यांसाठीं केंद्र कशास पाहिजे, असें ते विचारतात. परंतु एकाकीपण हें केवळ मनाचें दुःख नसून शरीराचीही हानि करतें, हें आतां वैद्यकशास्त्र मानूं लागलें आहे. हृदयविकार, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांच्याशीं त्याचा संबंध आढळून आला आहे, आणि २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या विषयासाठीं एक स्वतंत्र आयोगच नेमला. तेव्हां सायंकाळीं चार माणसांत बसून मोठ्यानें हंसणें हेंही एक औषध आहे. वाढदिवस साजरा करणें, सहल काढणें, एकानें वर्तमानपत्र वाचून इतरांनीं त्यावर वाद घालणें, हे सारे त्याचेच प्रकार. रत्नागिरीस तर १८२८ सालीं स्थापन झालेलें जिल्हा नगर वाचनालय आहे. ज्या गांवास वाचनाची परंपरा जवळजवळ दोनशें वर्षांची आहे, तेथील केंद्रांत पुस्तकांचें कपाट नसावें, हें शोभणार नाहीं.

संगतीचा आणखी एक उपयोग आहे. रोज येणारा मनुष्य एके दिवशीं आला नाहीं, तर त्याची आठवण कोणास तरी होते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतींत ही आठवण प्राण वांचविणारी ठरूं शकते.

तिसरें कार्य सल्ल्याचें. वृद्धांसाठीं कायदे व सवलती पुष्कळ आहेत. परंतु माहितीच्या अभावीं त्या कागदावरच राहतात. २००७ सालीं केंद्र सरकारनें आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा केला. ज्यांस स्वतःचा निर्वाह करितां येत नाहीं अशा आईबापांस मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देवविण्याचा अधिकार त्यानें न्यायाधिकरणास दिला. तेथें वकील देण्याचीही गरज नाहीं. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन बक्षीसपत्रानें दिली आणि पुढें ती अट पाळली गेली नाहीं, तर तें बक्षीसपत्र रद्द करवून घेण्याची तरतूदही त्यांत आहे. आईनें मुलाविरुद्ध अर्ज करावा असा प्रसंग कोणावरही न येवो. परंतु आला, तर वाट आहे हें तिला ठाऊक असावें.

अन्य सोयींपैकीं कांहीं येथें सांगतों. एस. टी. च्या प्रवासांत ६५ वर्षांवरील प्रवाशांस अर्धें भाडें पडतें, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षें पूर्ण झालेल्यांस भाडें पडत नाहीं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षें व त्यावरील प्रत्येक नागरिकास, त्याचें उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखालीं कुटुंबामागें वर्षास पांच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयांतील उपचारांचें संरक्षण मिळूं लागलें. अत्यल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठीं राज्य सरकारची श्रावणबाळ योजना आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस दर वर्षीं नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ या सोयीनें घरबसल्याही देतां येतो. १४५६७ या दूरध्वनि क्रमांकावर वृद्धांस माहिती व मदत विनामूल्य मिळते. हीं माहिती ज्यानें एकदां मिळविली त्यानें ती इतर पन्नास जणांस सांगावी, एवढ्यासाठींच केंद्र हवें.

फसवणुकीपासून रक्षण करणें हाही आतां सल्ल्याचाच भाग झाला आहे. पोलिस अधिकारी असल्याची बतावणी करून ‘तुम्हांस फोनवरच अटक केली आहे, पैसे पाठवा’ असें सांगणारे भामटे वृद्धांस गांठतात. अशी अटक आपल्या कोणत्याही कायद्यांत नाहीं. पैसे गेलेच, तर विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें. एकटा मनुष्य भीतीनें गप्प बसतो. केंद्रांत येणारा मनुष्य दुसऱ्यास विचारतो, आणि विचारण्यानेंच पुष्कळदां वांचतो.

चौथें कार्य आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. तें म्हणजे वृद्धांस उपयोगी पडण्याची संधि देणें. मनुष्यास वार्धक्यांत अन्नाची वाण पडते त्याहून अधिक वेळां ‘आपली आतां कोणास गरज नाहीं’ या विचाराची बोंच लागते. म्हणून जें केंद्र वृद्धांस केवळ कांहीं देतें, तें अर्धेंच केंद्र. जें त्यांच्याकडून कांहीं घेतें, तें पूर्ण. निवृत्त शिक्षकानें गणितांत मागें पडलेल्या मुलांस शिकवावें, निवृत्त परिचारिकेनें औषधें वेळेवर घेण्याची पद्धत समजावून द्यावी, बँकेंतून निवृत्त झालेल्यानें इतरांचे अर्ज भरून द्यावे, आणि सुगरण आजीनें सांडग्या-पापडांची, फणसाच्या साठांची आणि सोलकढीची विद्या नव्या गृहिणींस शिकवावी.

निवृत्ति म्हणजे कार्याचा अंत, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आपल्याच जिल्ह्यांतील दोन पुरुषांकडे पाहावें. दापोलीजवळील मुरुडचे महर्षि धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. ज्या वयांत सामान्य मनुष्य निवृत्त होतो, त्या ५८ व्या वर्षीं, १९१६ सालीं, त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. सत्तरी उलटल्यावर त्यासाठीं जगभर प्रवास केला. ७८ व्या वर्षीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ काढलें. आणि ८६ व्या वर्षीं समता संघ स्थापन केला. १९५८ सालीं, वयाचें शतक भरतां, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. दुसरे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. दापोलीच्या मिशन हायस्कुलांत शिकलेल्या या विद्वानानें धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० सालीं प्रसिद्ध केला आणि अखेरचा १९६२ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं. सर्वच वृद्ध कर्वे किंवा काणे होणार नाहींत हें खरें. पण प्रत्येकाजवळ देण्याजोगें कांहींतरी असतें, आणि तें घेणारा कोणी भेटला पाहिजे.

येथवर केंद्राचे गुण सांगितले. आतां त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्यांस केंद्राची सर्वांत अधिक गरज, तेच बहुधा तेथपर्यंत पोहोंचत नाहींत. वाडी डोंगराच्या पलीकडे, एस. टी. दिवसांतून एकदोनदां, आणि गुडघे साथ देत नाहींत. अशा आजीनें केंद्रांत यावें कसें? पुष्कळ आज्या नातवंडें सांभाळण्यांत गुंतलेल्या; त्यांस सायंकाळ मोकळी मिळत नाहीं. मिरकरवाड्याच्या बंदरावर सत्तराव्या वर्षीं मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईस निवृत्ति हा शब्दच ठाऊक नाहीं. तेव्हां केंद्र हें केवळ शहरांतील निवृत्तिवेतन घेणाऱ्या पुरुषांचें मंडळ होऊन बसलें, तर त्याचें प्रयोजन फसलें असें म्हणावें लागेल. त्याची जागा तळमजल्यावर असावी, पायरीशेजारीं उतार असावा, शौचालय जवळ असावें, वर्गणी नाममात्र असावी, आणि जात, धर्म वा हुद्दा यांची विचारपूस दारांत होऊं नये. जे येऊं शकत नाहींत, त्यांच्याकडे केंद्रानेंच आठवड्यांतून एकदां जावें.

दुसरी मर्यादा घरच्यांनीं ध्यानांत ठेवावी. केंद्र हें घरास पूरक आहे. तें घराच्या जागीं येऊं शकत नाहीं. वडिलांस सायंकाळीं केंद्रांत पोहोंचविलें म्हणजे पुत्रधर्म संपला, असें ज्यास वाटतें, त्यानें संस्थेचा अर्थ उलटा लाविला. केंद्रांतून परतलेल्या मनुष्यास आज काय झालें हें सांगावयाचें असतें, आणि तें ऐकावयास घरांत कान लागतो. जेवतांना दहा मिनिटें तें ऐकणें हें केंद्राचें उरलेलें अर्धें काम आहे, आणि तें कोणत्याही संस्थेस करितां येत नाहीं.

आतां विद्यार्थ्यांविषयीं दोन शब्द. मुलांनो, तुमच्याजवळ दोन गोष्टी अशा आहेत कीं ज्यांची केंद्रास फार गरज आहे. पहिली, फोन वापरण्याचें कौशल्य. दूरदेशीं असलेल्या मुलाचें तोंड फोनवर कसें पाहावें, औषधाच्या वेळेची आठवण त्यांत कशी लावावी, आणि कोणता संदेश उघडूं नये, हें तुम्ही एका तासांत शिकवूं शकतां. मात्र शिकवितांना फोन हातांतून ओढून घेऊं नका; आजोबांचें बोट त्यांनाच फिरवूं द्या, आणि तीच गोष्ट पांचव्यांदां विचारली तरी पहिल्यांदां विचारल्याप्रमाणेंच सांगा. तुम्हांस अक्षर गिरवावयास लावितांना कोणीं तरी हाच संयम पाळला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचें कुतूहल. रेल्वे येण्यापूर्वीं रत्नागिरीहून मुंबईस बोटीनें कसें जात, खपाट्यांतून बोटीवर कसें चढत, डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हां घरोघरीं काय झालें, गांवांत पहिला विजेचा दिवा केव्हां लागला, हें तुमच्या इतिहासाच्या पुस्तकांत नाहीं; तें या माणसांच्या आठवणींत आहे, आणि त्यांच्याबरोबरच तें जाईल. प्रत्येक विद्यार्थ्यानें एका वृद्धाची एक आठवण, त्याच्याच शब्दांत, वहींत उतरवून आणली, तर आपल्या शाळेजवळ गांवाचा असा इतिहास जमेल कीं जो कोणत्याही ग्रंथालयांत मिळणार नाहीं. आणि सांगणाऱ्यास त्या सायंकाळीं वाटेल कीं, आपलें बोलणें अद्याप कोणी लिहून घेतो.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस केंद्राचें नांव सांगून मोकळे होऊं नका. पहिल्या दिवशीं स्वतः बरोबर जा, दोन माणसांशीं ओळख करून द्या, आणि परत आणावयासही तुम्हीच या. शाळेच्या पहिल्या दिवशीं तुमच्या बाबतींत त्यांनींही असेंच केलें होतें.